घरी फॉन्डंटचा डायनोसॉर केक: फाटणं, घाम फुटणं, वाकणं आणि त्यावरचे इलाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन आठवड्यांनी मुलाचा पाचवा वाढदिवस आहे आणि त्याला डायनोसॉरचा केक हवा आहे. साधे केक तुमच्या हातचे चांगले होतात. मागच्या वेळी व्हिप्ड क्रीमच्या केकवर फॉन्डंट, म्हणजे लाटून पसरायची साखरेची मऊ कणीक, लावलं, तर ते कडेला फाटलं, फ्रिजमधून काढल्यावर चिकट होऊन ओघळलं आणि वर उभं केलेलं बाहुलं रात्रीत कमरेत वाकलं. आता पुन्हा घरी करून पाहावं की सरळ बेकरीत ऑर्डर द्यावी?

घरीच करा. तीन आठवडे म्हणजे भरपूर वेळ आहे. मागच्या वेळच्या या तक्रारी वेगवेगळ्या वाटत असल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे: पाणी कुठून कुठे जातंय, याकडे लक्ष दिलं गेलं नाही. फॉन्डंटमध्ये हाताची कलाकारी लोकांना वाटते तेवढी लागत नाही. कुठलं पाणी कधी राहू द्यायचं आणि कधी उडू द्यायचं, हे जमलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम म्हणजे वेळापत्रक.

फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, घट्टपणासाठी जिलेटिन किंवा वनस्पतीजन्य डिंक, मऊ राहावं म्हणून ग्लिसरीन आणि थोडी चरबी. शाकाहारी लोक येणार असतील तर पाकिटावर जिलेटिन आहे का ते आधी वाचा, बिनजिलेटिनचंही सहज मिळतं. साखर जिथून मिळेल तिथून ओलावा ओढते. व्हिप्ड क्रीमच्या मलईत ३५ टक्के स्निग्धांश धरला तरी ६० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे तुम्ही साखरेची चादर पाण्यावर पसरली होती. शिवाय ते क्रीम म्हणजे हवेचे बुडबुडे, आणि त्यावर अर्धा किलो फॉन्डंट. खालून विरघळणार, वजनाने खचणार आणि खचताना कडेला फाटणार. तुमच्या हातात काही कमी नव्हतं.

फ्रिजमधून काढल्यावर घाम फुटतो तो हवेतल्या बाष्पाचा. केक गार आणि खोली उबदार, म्हणजे बाष्प केकवर येऊन पाणी होणारच. बाहुल्याची गोष्ट मात्र उलटी आहे. साधं फॉन्डंट मऊ राहावं म्हणूनच बनवलेलं असतं, ग्लिसरीन त्याला कडक होऊ देत नाही. त्यातून चार इंचांचं बाहुलं उभं केलं तर ते वाकणारच. तिथे पाणी धरून ठेवायचं नाही, घालवायचं असतं.

म्हणून पहिला बदल: फॉन्डंटखाली गनाश लावा, किंवा घट्ट बटरक्रीम. माझं मत विचाराल तर गनाश. दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग मलई, वजनाने. त्यात पाणी पाचव्या हिश्शाच्या आसपास राहतं, तेही चॉकलेटमध्ये बांधलेलं. शिवाय ते घट्ट बसतं, म्हणून कडा धारदार येतात आणि फॉन्डंटला पाठीमागे भक्कम भिंत मिळते. मिल्क चॉकलेट वापरणार असाल तर अडीच ते तीन भाग आणि व्हाइट असेल तर तीन ते साडेतीन भाग चॉकलेट घ्या, कारण त्यांत कोको कमी असल्याने ते सैल राहतात. हवा गरम असेल तर चॉकलेट थोडं वाढवा. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते आणि ते मलईशी वेगळं वागतं, तेव्हा आधी शंभर ग्रॅमवर करून बघा.

व्हिप्ड क्रीमच हवं असा घरातून आग्रह असेल तर भांडू नका. केक क्रीमचाच करा आणि फॉन्डंट फक्त वरच्या सजावटीपुरतं ठेवा. चॉकलेट वितळवून बटर पेपरवर पातळ चकती पसरून घट्ट करा, ती क्रीमवर ठेवा, तिच्यावर डायनोसॉर ठेवा. तोही केक कापायच्या थोडंच आधी. चकतीमुळे क्रीमचं पाणी बाहुल्याच्या पायांपर्यंत पोचत नाही.

आता डायनोसॉरचं काय? इथे बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी मेहनत घालतात. अख्खा केकच चार पायांवर उभा डायनोसॉर करायचा बेत असतो. पहिल्या केकला ते करू नका. उभ्या प्राण्याला आत सांगाडा लागतो, पायांना भार पेलत नाही, आणि पाहणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला त्यातलं काही कळतही नाही. त्याला डोळे, दात आणि पाठीवरचे काटे दिसले पाहिजेत. तेव्हा साधा गोल केक करा, हिरवट तपकिरी फॉन्डंटने झाका, त्यावर एक चांगला डायनोसॉर बसवा आणि भोवती खडक, पानं, अंडी ठेवा. केक कधीही उरकता येतो. बाहुलं मात्र आठ-दहा दिवस आधी झालेलं असलं पाहिजे, म्हणून सुरुवात तिथून करा.

बाहुल्यासाठी अडीचशे ग्रॅम फॉन्डंटमध्ये एक सपाट चहाचा चमचा टायलोज पावडर मळा, म्हणजे फॉन्डंट सुकल्यावर कडक होतं. हीच सीएमसी नावानेही मिळते. मळताना हाताला किंचित वनस्पती तूप लावा. मग प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ते जास्त ताणदार झालेलं जाणवेल. पावडर दुप्पट घातली तर दुप्पट चांगलं होतं असं नाही. ते हातातच सुकतं आणि वळताना बारीक भेगा पडतात.

रंग त्याआधी मिसळा. जेल किंवा पेस्टचेच रंग घ्या, पातळ रंगांनी फॉन्डंट चिकट होतं. टूथपिकच्या टोकाने लावायचे आणि मळायचे. हिरवा नुसता बाटलीतला घेतला तर प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो, त्यात तपकिरीचा किंवा केशरीचा कणभर अंश टाका. गडद रंग काही तासांत आणखी गडद होतात, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिका थांबवा. लाल आणि काळा घरी करायच्या फंदात पडू नका. इतका रंग ओतावा लागतो की चव कडू होते आणि फॉन्डंट सैल पडतं. हे दोन रंग तयारच आणा. गुलाबी आणि जांभळा उजेडात उडतात, जांभळ्यातला गुलाबी आधी उडून निळा उरतो, म्हणून तसं काही केलं असेल तर खिडकीपासून लांब ठेवा.

आता बसलेला डायनोसॉर, साधारण दहा सेंटिमीटरचा. ऐंशी ग्रॅमचा गोळा घ्या आणि दोन तळव्यांमध्ये दाबून आधी अगदी गुळगुळीत करा. गोळ्यातच भेग राहिली तर ती शेवटपर्यंत राहते, ती नंतर बुजवता येत नाही. मग एका बाजूने तळव्याच्या कडेने पुढेमागे वळत जा, म्हणजे पेरूसारखा आकार येईल. निमुळत्या बाजूचं टोक वर, ती मान. जाड बाजूच्या खालून थोडा भाग चिमटीत ओढून शेपूट काढा आणि एका अंगाला वळवा. शेपूट वेगळी चिकटवण्यापेक्षा ओढून काढलेली कधीही बरी, सांधा राहत नाही. ती जमिनीला टेकली की बाहुल्याला तिसरा पाय मिळाल्यासारखं होतं.

डोकं साधारण पस्तीस ग्रॅमचं. अंडाकृती करून मधोमध करंगळीने दाबा, म्हणजे पुढे तोंड आणि मागे कवटी असे दोन उंचवटे होतात. तोंडावर पातळ सुरीने रेघ ओढा आणि सुरी आतच ठेवून किंचित खाली दाबा, जबडा उघडतो. नाकपुड्या टूथपिकने. डोळ्यांसाठी आधी खळगे करा आणि त्यांत पांढरे छोटे गोळे बसवा. डोळे नुसते वर चिकटवले तर ते बाहेर आल्यासारखे दिसतात आणि डायनोसॉर घाबरलेला वाटतो. काळ्या बुबुळात पांढरा टाचणीएवढा ठिपका द्या. एवढ्या एका ठिपक्याने चेहऱ्यात जीव येतो. दोन्ही डोळ्यांतले ठिपके एकाच बाजूला असू द्या, नाहीतर तो तिरळा दिसेल.

डोकं लगेच बसवू नका. धड काही तास सुकू द्या. मानेतून कोरडी स्पॅगेटीची काडी खाली उतरवा, वर दीड सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि डोकं तिच्यावर रोवा. टूथपिक वापरू नका. लहान मुलं बाहुलं उचलून थेट तोंडात घालतात, आणि टूथपिक आत आहे हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात राहत नाही. तारही नको. फुलांसाठी तार वापरायचीच असेल तर ती केकमध्ये थेट खुपसू नका, स्ट्रॉच्या तुकड्यात वितळलेलं चॉकलेट भरून त्यात रोवा. ती कापण्याआधी काढून घेण्याची जबाबदारी एका माणसावर टाका.

चिकटवायला खाण्याचा गोंद घरीच होतो: दोन मोठे चमचे उकळून गार केलेलं पाणी आणि पाव चहाचा चमचा टायलोज. रात्रभर ठेवा, सकाळी हलवा, की पारदर्शक चिकट द्राव तयार. ब्रशने जेमतेम लावा. भाग घसरत असेल तर गोंद कमी पडला असं समजून लोक आणखी लावतात. घसरतंय ते जास्त ओलाव्यामुळेच. कोरड्या ब्रशने टिपून घ्या आणि अर्धा मिनिट हाताने धरून ठेवा.

पाठीचे काटे दोन-तीन मिलिमीटर जाड लाटलेल्या फॉन्डंटमधून त्रिकोण कापून रात्रभर वेगळे सुकवा आणि मग पाठीवर सुरीने खाच करून तिच्यात बसवा. ओले त्रिकोण पाठीवर उभे केले तर सकाळी सगळे एका बाजूला झुकलेले दिसतात. मोठ्यापासून लहानाकडे असा क्रम शेपटीपर्यंत न्या. पाय आणि हात दहा-दहा ग्रॅमचे पुरेत.

सुकवायचं कुठे? हवेशीर ठिकाणी, फोमच्या तुकड्यावर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरलेल्या पुठ्ठ्यावर, म्हणजे खालूनही हवा लागते. दिवसातून एकदा हलक्या हाताने आडवं करा. हवाबंद डब्यात ठेवलं तर ते सुकतच नाही आणि फ्रिजमधून काढलं की पाझरतं. पुठ्ठ्याचं खोकं उत्तम, ते धूळही अडवतं. दोन-तीन दिवसांत बाहेरून कडक होईल, दमट हवेत जास्त लागतील. जाड धड आतून मऊच राहणार, त्याची काळजी नको, कवच कडक झालं की पुरे. याहून बरंच मोठं बाहुलं हवं असेल तर आतला गाभा मार्शमेलो आणि कुरमुरीत तांदळाच्या सीरियलचा करा. ४५ ग्रॅम लोण्यात २८० ग्रॅम मार्शमेलो वितळवून त्यात १६० ग्रॅम सीरियल घाला. कोमट असतानाच मुठीत जोर लावून आवळा, पूर्ण गार झालं की त्यावर गनाशचा हात फिरवून फॉन्डंटने झाका. वजन बरंच कमी होतं.

केकवर लावायच्या चकाकीच्या पावडरीबद्दल दोन शब्द, कारण इथे चूक महागात पडते. डबीवर नुसतं ‘बिनविषारी’ लिहिलेलं असणं म्हणजे ते खाण्याजोगं असणं नव्हे. ‘खाण्यायोग्य’ असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी छापलेली असेल तरच ते केकवर लावायचं. अमेरिकेत २०१८ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले, कारण केकवरच्या चकाकीच्या पावडरीत तांबं होतं. २०१९ मध्ये मिझुरी राज्यात एका वर्षाच्या बाळाच्या रक्तातलं शिसं वाढलेलं आढळलं, तिथेही केकवरची अशीच पावडर निघाली. सीडीसी या त्यांच्या आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये दोन्ही घटना प्रसिद्ध केल्या. डायनोसॉरला चकाकी लागत नाही, हे आपलं नशीब. तसंच कडक चंदेरी गोळ्या लहान भावंडांच्या वाट्याच्या तुकड्यावर जाऊ देऊ नका, घशात अडकतात.

केकबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला येतो. फक्त तो घट्ट पोताचा हवा. २२५ ग्रॅम लोणी, २२५ साखर, चार अंडी, ३४० मैदा आणि तीन चहाचे चमचे बेकिंग पावडर, थोडं दूध, १६० अंशांवर सव्वा तासापर्यंत, एवढ्यात वीस सेंटिमीटरच्या टिनमध्ये सहाएक सेंटिमीटर उंची मिळते. आपल्याला दहा हवी आहे, म्हणून दीडपट करून दोन टिनमध्ये भाजा, तिथे वेळ कमी लागेल. बिनअंड्याचा कंडेन्स्ड मिल्कचा केकही चालतो, तो मुळातच भरीव असतो. गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार केक कापताना भुगा पडत नाही. ताज्या फळांचं सारण घालू नका, ती पाणी सोडतात. जॅम चालेल, पण पातळ थर, आणि कडेने गनाशचा बांध घालून.

थर रचून झाले की वर सपाट बोर्ड आणि त्यावर एखादं जाडसर पुस्तक ठेवून दोन-तीन तास दबू द्या. हे कुणी करत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी केकच्या पोटावर वळी आली म्हणून विचारत बसतात. केक स्वतःच्या वजनाने बसतोच. तो झाकण्याआधी बसू द्यायचा की झाकल्यानंतर, एवढंच आपल्या हातात असतं.

गनाशला सहाशे ग्रॅम डार्क चॉकलेट आणि तीनशे ग्रॅम मलई लागेल. मलई कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवा, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत जा. रात्रभर बाहेर झाकून ठेवा. पहिला पातळ थर भुगा बांधण्यासाठी, मग अर्धा तास फ्रिज, मग दुसरा जाड थर. कडेला सरळ पट्टी ९० अंशांत धरून टर्नटेबल, म्हणजे केकखालचा फिरता पाट, फिरवा. शेवटी गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने खड्डे सपाट करा. या थरात जे दिसतं ते फॉन्डंटमधून दिसणारच, तेव्हा इथे अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

आता झाकायचं. किती लाटायचं याचा हिशेब सोपा आहे: व्यास अधिक दुप्पट उंची, वर थोडं. २० अधिक २० म्हणजे ४०, म्हणून ४५ सेंटिमीटरचं वर्तुळ. साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीला त्यासाठी आठशे ते नऊशे ग्रॅम फॉन्डंट लागतं. त्यातलं केकवर राहतं साधारण साठ टक्के, बाकी कापून परत मिळतं. काटकसर म्हणून सहाशे ग्रॅमच घेतलं की ते पातळ लाटावं लागतं आणि फाटतं. घरचं मार्शमेलोचं फॉन्डंट चांगलं होतं: ४५० ग्रॅम मार्शमेलो दोन-तीन चमचे पाण्यासोबत वितळवायचे, आठ-नऊशे ग्रॅम पिठीसाखर मळत घालायची आणि रात्रभर मुरू द्यायचं. पण ते दर वेळी थोडं वेगळं निघतं. पहिल्यांदा अख्खा केक झाकताना तयार पाकीट आणा, घरचं खडक आणि पानांसाठी वापरा.

फॉन्डंट मळून कानाच्या पाळीइतकं मऊ झालं पाहिजे. कडक असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-दहा सेकंद, त्याहून जास्त नको, आतून वितळतं. लाटताना खाली कॉर्नफ्लोअर, अगदी विरळ. पिठीसाखर भुरभुरत राहिलात तर फॉन्डंट ती पिऊन कोरडं होतं आणि कडेला सुरकुत्या पडतात. हत्तीच्या कातडीसारख्या त्या सुरकुत्या डायनोसॉरच्या केकवर खपून जातील म्हणा. दर दोन-तीन हातांनंतर वर्तुळ पाव फेरीने सरकवा, उलटं मात्र करू नका. दोन्ही बाजूंना चार मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की जाडी आपोआप सारखी येते.

गनाशवर उकळून गार केलेलं पाणी ब्रशने नुसतं ओलसर लावा. फॉन्डंट लाटण्यावर गुंडाळून उचला आणि केकवर सोडा. इथून पुढे दहा मिनिटांत आवरायचं, नंतर वरची साय सुकते. आधी वरचा पृष्ठभाग मधून बाहेर, म्हणजे हवा निघते. त्यानंतर लगेच वरची कड हाताने चहूबाजूंनी बसवून घ्या. सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. खाली लोंबणाऱ्या फॉन्डंटचं सगळं वजन त्या कडेवर येतं आणि ती चिकटली नसेल तर ताणून तिथेच फाटतं. तुमचं कडेला फाटलं त्यात क्रीमइतकाच याचाही हात असणार. मग बाजू: एका हाताने घडी बाहेर उघडत न्यायची, दुसऱ्या तळव्याने वरून खाली चिकटवत यायचं. घडी दाबून मोडू नका, नेहमी उघडा. तळाशी दोन सेंटिमीटर ठेवून जादा कापा, स्मूदर (फॉन्डंट गुळगुळीत करायचं सपाट साधन) फिरवा आणि मग शेवटची बारीक कापणी करा.

हवेचा फुगा आला तर बारीक सुईने तिरपं टोचून बाहेर काढा आणि बोट फिरवा. फाटलं तर तिथे पान किंवा खडक लावा. सजावटीतल्या निम्म्या वस्तू याच कारणासाठी असतात, बेकरीतल्याही. पांढरे डाग दिसले तर कापडावर कणभर वनस्पती तूप घेऊन पुसा.

खडकांसाठी करडं, पांढरं आणि थोडं काळं फॉन्डंट एकत्र घेऊन अर्धवटच मळा, रेघा राहिल्या की तोडून गोळे करा आणि चुरगळलेल्या फॉइलने दाबा. मुलाला सोबत घ्यायचं असेल तर हे काम त्याला द्या. तो वाकडंतिकडं करेल आणि ते खऱ्या खडकासारखंच दिसेल.

वेळापत्रक असं धरा. आठ-दहा दिवस आधी डायनोसॉर, सोबत काटे आणि अंडी. तीन दिवस आधी केक भाजायचा. दोन दिवस आधी रचायचा, दाबायचा, गनाश लावायचं. आदल्या दिवशी फॉन्डंट. वाढदिवसाच्या सकाळी बाहुलं आणि बाकीची मांडणी. खोली थंड असेल तर गनाशचा केक बाहेर राहतो, फ्रिज लागतच नाही. खोली गरम असेल, किंवा आत कस्टर्ड, क्रीम चीज, ताजी मलई असं काही असेल, तर मात्र फ्रिज हवाच. असा केक बाहेर एकूण दोन तासांच्या वर नको, ३२ अंशांवर हवा असेल तर तासभरच. फ्रिजमध्ये ठेवताना केक पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करा आणि काढल्यावर खोकं लगेच उघडू नका. बाष्प खोक्यावर जमेल, पुठ्ठा ते शोषेल, केक आत हळूहळू खोलीच्या तापमानाला येईल. तरीही घाम आलाच तर हात लावू नका, पुसू नका. बोटाचा ठसा कायमचा राहतो. पंख्याखाली ठेवा, सुकतो. थोडी चमक उरेल, ती सरपटणाऱ्या प्राण्याला शोभते.

केकखाली बोर्ड जाड, बारा मिलिमीटरचा, आणि केकपेक्षा दहा सेंटिमीटरने मोठा घ्या. हा केक तीन किलोच्या आसपास जातो. पातळ पुठ्ठा उचलताना वाकला की फॉन्डंटला तळाशी चीर पडते. गाडीतून न्यायचा असेल तर सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते. पायाशी सपाट जागेवर, खाली न घसरणारा रबरी मॅट टाकून ठेवा, आणि डायनोसॉर वेगळ्या डब्यात न्या.

आणि पुढच्या वर्षी अख्खा केकच डायनोसॉर करायची हौस आलीच, तर बसलेला किंवा झोपलेला करा. धडासाठी ओव्हनमध्ये चालणाऱ्या वाडग्यात केक भाजा, म्हणजे घुमट आयता मिळतो. पाय आणि शेपूट फॉन्डंटचे बाजूने लावायचे. कोरताना केक गारेगार, थोडा गोठलेला असला तर उत्तम, आणि दातेरी लहान सुरीने चिमूटभरच कापत जायचं. एक गोष्ट लक्षात ठेवा: गनाशचे पाच आणि फॉन्डंटचे चार मिलिमीटर सगळ्या बाजूंनी वाढणार, म्हणून हव्या त्या आकारापेक्षा सेंटिमीटरभर आत कोरा. मान आणि खांद्यांमधली खाच जरा जास्तच खोल घ्या, नाहीतर झाकल्यावर ती बुजते आणि डायनोसॉरचा बटाटा होतो.

कापताना आधी बाहुलं उचला, आतल्या स्पॅगेटीसकट. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि आधी फॉन्डंट टोकाने चिरून मग खाली जा. सरळ दाबलं तर ते खाली ओढलं जातं. अडीच बाय पाच सेंटिमीटरचे तुकडे केले तर वीस-बावीस जणांना पुरेल. अर्धी मुलं फॉन्डंट सोलून ताटलीत ठेवतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उरलेलं न वापरलेलं फॉन्डंट तुपाचा हात लावून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा आणि हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर ठेवा. पाकिटावरच्या तारखेपर्यंत टिकतं.